जनरलसाहेबांचं अक्षर

जपानमधल्या हानेकावा गावी, मुलींच्या शाळेत रोज सकाळी दोनशे सत्तर मुली एका चौकटीसमोर कमरेतून वाकत. चौकटीत दोनच अक्षरं होती. हातभर उंच, काळीभोर, अर्थ ‘सचोटी’. खाली लाल शिक्का : लेफ्टनंट जनरल ओगिनुमा तादाचिका. त्या दोनशे सत्तरांतली एक मुलगी वाकताना दर वेळी ओठ दातांखाली घट्ट धरायची. कारण ती अक्षरं जनरलसाहेबांची नव्हतीच. ती तिची होती. तेरा वर्षांची असताना, स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीवर गुडघे टेकून, तोमे आत्याच्या शिव्या खात तिने ती लिहिली होती. आणि लिहिलं काय, तर ‘सचोटी’!

मुलीचं नाव चिसे. जनरलसाहेबांची एकुलती एक लेक. आता सोळा पूर्ण.

सुलेखनाचे ओकिजिमा सर वर्गाला ती अक्षरं पन्नास पन्नास वेळा गिरवायला लावत. मागच्या वर्षी चिसेचा कागद लाल रेघांनी भरून त्यांनी परत दिला होता. म्हणाले, “ओगिनुमा, तुझ्या वडिलांच्या अक्षरातला मर्दपणा तुझ्यात यायचा नाही. शेवटी हात मुलीचा.” चिसे बाहीत तोंड खुपसून घरापर्यंत हसत गेली होती. आत्याने विचारलं, “काय गं, भूत लागलं?” तेव्हा कुठे ती थांबली.

पण यंदा फेब्रुवारीपासून तिला हसू येत नव्हतं. बाबा घरी आले होते.

मूळ गोष्ट सैबेरियातली. चिसेच्या जन्माआधी, बाबा नुसते लेफ्टनंट म्हणून तिकडे लढायला गेले असताना, तिथल्या थंडीने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं खाल्ली. कापावी लागली नाहीत, पण भाताच्या लाकडी पळीसारखी ताठ झाली. सलाम ठोकता येई, लगाम धरता येई, तलवार उपसता येई. कुंचला तेवढा धरता येईना. धरलाच तर कागदावर कावळे नाचून गेल्यासारखं दिसे. आणि अधिकाऱ्याचं अक्षर म्हणजे त्याचा कणा, असं तेव्हा सगळेच मानत. बाबा मेजर झाले तेव्हा गावच्या बंबवाल्यांनी पाटीसाठी चार अक्षरं मागितली. बाबांनी सात कागद फाडले. आठवा आईने त्यांच्या हातातून काढून घेतला, अर्ध्या श्वासात लिहून टाकला आणि वर त्यांचा शिक्का मारला. बंबवाले खूश. मग पुलाची पाटी, मग दारूच्या भट्टीचा फलक, मग दोन शाळा. एका बड्या सेनापतींनी कुठेतरी ती पाटी पाहिली आणि म्हणाले, “हात असा तर माणूस कसा असेल!” सहा महिन्यांत बाबांना रेजिमेंट मिळाली. ती अक्षरावरच मिळाली असं कोणी म्हणणार नाही, पण अक्षर आड आलं नाही, एवढं खरं.

पुढे बाबा मांचुरियात गेले, मग चीनमध्ये ब्रिगेड, मग डिव्हिजन. खांद्यावरचे तारे वाढत गेले आणि गावाच्या मागण्याही. अहवाल लिहायला हाताखाली माणसं होती, बाबा नुसता शिक्का मारत. गावच्या मागण्यांसाठी त्यांचा दुसरा शिक्का घरी, साखरेच्या रिकाम्या डब्यात असे. आई गेली, तेव्हा कुंचला चिसेकडे आला. बाबांची पत्रं मात्र त्यांच्या स्वतःच्या हातची, कावळ्यांच्या नाचातली. ‘मागणी आली आहे. बघून घेणे. थंडी आहे. तादाचिका.’ चीनमधून रजेवर आले होते तेव्हा चिसेने एकदाच विचारलं होतं, “तिथली गावं कशी असतात, बाबा?” ते ताटावरून उठून विहिरीवर गेले होते. हात धुतले. मग परत धुतले.

शेवटचं ठाणं दक्षिणेकडचं एक बेट. तिथे हानेकावाची एकशे चव्वेचाळीस मुलं त्यांच्या हाताखाली होती. अन्न संपलं, औषधं संपली. माणसं बाहेर काढायची परवानगी बाबांनी तीनदा मागितली. चौथ्या वेळी परवानगीऐवजी विमान आलं, एका माणसापुरतं. त्यांच्या जागी दुसरा सेनापती उतरला, आणि बाबा तोक्योत पोहोचण्याआधीच त्यांचं नाव राखीव यादीत गेलं, म्हणजे घरी बसवलं. ‘प्रकृतीच्या कारणास्तव.’

प्रकृती ठणठणीत होती. फक्त ती एका जागी बसत नव्हती. व्हरांड्यापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून व्हरांड्यापर्यंत, दिवसभर चालणं. अंगणातल्या बर्फात पायवाट नाही, चर पडला होता. जेवताना ते दोन घास घेत आणि दाराकडे बघत, कोणी बोलावल्यासारखं. चिसेलाही त्याची लागण झाल्यासारखं झालं. शाळेत दुपारनंतर सैन्याच्या कोटांना बटणं शिवायची असत. तिने एका दिवसात अकरा बटणं उलट्या बाजूला लावली.

मार्चच्या पाच तारखेला नगराध्यक्ष हिरासाका वाळवलेल्या तेंदूफळांची माळ घेऊन आले. माणूस गोल, आवाज त्याहून गोल.

“जनरलसाहेब, शिळा आली! खाणीतून बैलांनी ओढत आणली. आपल्या अडतीस वीरांसाठी. वर दोनच अक्षरं, ‘निष्ठावंत आत्मे’. ती आपल्या हातची, कागदावरून शिळेवर कोरून घेऊ.”

“हं.”

“आणि यंदा घरी बसून नाही हं! दहा तारखेला, सैन्यदिनाला, देवळाच्या अंगणात, सगळ्या गावासमोर. आजवर गावाने आपलं अक्षर पाहिलं, हात चालताना पाहिला नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे निवतील!”

सरकत्या दारामागे चिसेच्या हातातून किटलीचं झाकण सुटलं आणि घरंगळत थेट अध्यक्षांच्या गुडघ्याशी जाऊन थांबलं.

बाबा त्या झाकणाकडे बघत म्हणाले, “बरं.”

अध्यक्ष गेल्यावर तोमे आत्या कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. ती बाबांची धाकटी बहीण, विधवा, घर तिच्या जिभेवर चाले. “‘बरं’ म्हणे! दादा, रणगाड्याला ‘बरं’ म्हण, वाघाला म्हण. कुंचल्याला कसलं ‘बरं’ म्हणतोस? पंचवीस वर्षं झाकलेलं पाच दिवसांत वेशीवर टांगणार?”

बाबांनी चपला घातल्या आणि चराला लागले.

“आत्या, हाताला पट्टी बांधू या,” चिसे म्हणाली. “लचक भरली म्हणायचं. वडिलांच्या वतीने मी लिहीन.”

“वा! म्हणजे शाळेतल्या चौकटीची जुळी बहीण अंगणात उभी. आंधळ्यालासुद्धा कळेल.”

“मुद्दाम वाईट लिहीन.”

“येतं तुला?”

चिसेने जुन्या वर्तमानपत्रावर संध्याकाळभर प्रयत्न केला. येईना. रेघ वाकडी काढावी तर ती ऐटीत वाकडी यायची. आत्या बघून म्हणाली, “हे तर पहिल्यापेक्षा देखणं झालं, मेले!” कोणी ऐकत असतं तर चिसेला त्याचा केवढा अभिमान वाटला असता! पण ऐकायला कोणी नको होतं, हीच तर अडचण.

तिला एकच दिसत होतं. गाव हसेल. राखीव यादीत टाकलेल्या सेनापतीबद्दल लोक आधीच खालच्या आवाजात बोलत. आता मोठ्याने बोलतील. आईने ज्यासाठी गुडघे झिजवले ते एका सकाळी मातीत. आणि ती स्वतः, सगळ्यांसमोर, खोटारडी.

सातव्या तारखेला ती पहाटे शाळेला निघाली, तर बाबा मागच्या शेतात होते. बर्फ कोरा होता. हातात बांबूची काठी, ताठ बोटं वर, उरलेल्या तीन बोटांत काठी आवळलेली. ते बर्फावर लिहीत होते. चिसे कुंपणाशी थबकली. तेच ते कावळे. पण ‘निष्ठावंत आत्मे’ नव्हतं. सेकिया योशिमात्सु. कामिजो र्योसाकु. वाता हेइगो. ओळीमागून ओळ, पार तुतीच्या झाडापर्यंत.

“बाबा, हे काय?”

“हजेरी.”

“अडतीसच्या वर दिसतात.”

बाबांनी खराटा उचलला आणि तुतीच्या बाजूने झाडायला लागले. “अडतीस जणांची कागदपत्रं आली,” ते म्हणाले. “कागदपत्रं सावकाश येतात.”

ती पळतच सुटली. शाळा येईपर्यंत धापा टाकत होती, आणि चौकटीसमोर वाकायचंच विसरली.

आठ तारखेला आत्याने तिला सेकियाकाकूंकडे पाठवलं. काकू टोफू करत. हल्ली सोयाबीन आठवड्यातून एकदाच मिळे, त्यामुळे टोफू कमी आणि चोथाच जास्त. योशिमात्सु त्यांचा मुलगा, थोरला आणि धाकटाही तोच.

“किती हवा चोथा? भांडं मोठं आणलंस तेवढा?” काकूंनी वर न बघताच विचारलं. “तुझा बाप लिहिणार म्हणे परवा.”

“हो, काकू.”

“लिहू दे. दगडावर छान दिसेल. भिंतीवर छान दिसतं, पुलावर छान दिसतं.” त्यांनी फडकं पिळलं, इतकं जोरात की मनगटाच्या शिरा वर आल्या. “माझ्या पोराच्या वेळीच तेवढा हात दुखला वाटतं त्यांचा.”

“म्हणजे?”

काकूंनी हात पुसले. साच्यावर ठेवायच्या दगडाखालून तेलकागदात गुंडाळलेलं एक पत्र काढलं. “वाच. तूच वाच. आम्हा अडतीस घरांना आलीत अशी. मजकूर वेगळा वेगळा, ते कबूल. योशिमात्सु रांगेत गाणी म्हणायचा, हे लिहिलंय. शेवटी पाणी मागितलं नाही, पाणी शेजारच्याला दिलं, तेही लिहिलंय. पण अक्षर बघ! कुठल्या तरी कारकुनाला धरून खरडून घेतलंय. शाळेच्या पोरींना ‘सचोटी’ शिकवायला साहेबांना वेळ आहे. माझ्या पोराचं मरण कळवायला कारकून! कामिजोच्या म्हातारीने तर पत्र चुलीत घातलं.”

पत्रावर कावळे नाचत होते. एकेक अक्षर तीन बोटांनी ओढत, थांबत, पुन्हा शाईत बुडवून काढलेलं. एका जागी कुंचला घसरून फराटा उठला होता, तोही तसाच ठेवलेला.

चिसेच्या जिभेवर शब्द आले. काकू, हेच त्यांचं आहे. हेच, आणि बाकी काहीच नाही. पण ते सांगितलं की चौकट पडली, पूल पडला, आई पडली. तिने पत्र परत दिलं आणि भांडं उचललं. अर्ध्या वाटेवर आल्यावर लक्षात आलं, भांडं रिकामंच होतं.

बाबा विहिरीशी वळत होते. चिसे चरातच आडवी उभी राहिली, म्हणून त्यांना थांबावं लागलं.

“बाबा, त्यांना वाटतं पत्रं कारकुनाने लिहिली.”

“कोणाला?”

“सेकियाकाकूंना. सगळ्यांना. अक्षर बघून. कामिजोंच्या आजींनी चुलीत घातलं.”

महिनाभरात पहिल्यांदाच बाबांचे पाय स्थिर झाले. त्यांनी उजवा हात वर करून असा बघितला, जसा दुसऱ्या कोणाचा असावा.

“एकेका पत्राला एक दिवस लागायचा,” ते म्हणाले. “तोफा चालू असताना जास्त.”

“मी सांगू का त्यांना?”

“सांगायला तुला माझी परवानगी लागते?”

“आईचं काय मग? आणि तुमचं?”

 बाबांनी बाजूच्या बर्फात पाय टाकला, तिला वळसा घालून पुढे गेले. मग लांबून म्हणाले, “शाई तूच उगाळ. परवा. भरपूर लागेल.”

दोन अक्षरांना भरपूर कशाला? चिसेला त्या रात्री आणि पुढच्या रात्रीही झोप लागली नाही.

दहा तारखेला वारा सुटला होता. देवळाच्या अंगणातला बर्फ फावड्यांनी बाजूला सारून चटया घातलेल्या. शिळा लाकडी चौकटीत उभी, कोरी. तिच्या पायथ्याशी लांबलचक कागद, कोपऱ्यांवर वजनं. समोर अडतीस घरं, मागे बाकी गाव. ओकिजिमा सरांनी वर्गाला पहिल्या रांगेत बसवलं होतं. “नीट बघा, मनगट कसं वळतं ते,” ते कुजबुजले. चिसे ताटाएवढ्या दगडावर शाई उगाळत होती. 

बाबा जुन्या गणवेशात आले. पदकं लावली नव्हती. अध्यक्षांनी घोड्याच्या केसांचा, केळफुलाएवढा कुंचला दोन्ही हातांनी पुढे केला. बाबांनी तो बाजूला ठेवला आणि चिसेच्या पेटीतला साधा, पत्रं लिहायचा उचलला. ताठ बोटं वर. तीन बोटांत आवळला.

ओकिजिमा सरांचा श्वास आत गेला तो आतच राहिला.

वरून खाली लिहायच्या रीतीप्रमाणे कागदाच्या पार उजव्या कडेला बाबांनी सुरुवात केली. पहिली रेघ थरथरत निघाली, मध्ये अडकली, पुन्हा सुटली. अंगणात कोणीतरी खोकलं. मागच्या बाजूला एक दबलेलं हसूही आलं आणि कोणीतरी त्याला चापट मारली. सेकिया योशिमात्सु. एक उभी ओळ. ते डावीकडे सरकले. कामिजो र्योसाकु.

“साहेब,” अध्यक्ष घाम पुसत वाकले, “आधी ती दोन मोठी...”

“ती नंतर. जागा उरली तर.”

“पण हे... अक्षर जरा... आज थंडी फार आहे, हात आखडला असेल...”

“एकोणीसशे एकोणीसपासून आखडलाय.”

तेवढ्यात पहिल्या चटईवरून सेकियाकाकू उठल्या. कोणी धरायच्या आत कागदापाशी पोहोचल्या आणि खाली बसून, नाक टेकवून बघायला लागल्या. मग छातीच्या घडीतून तेलकागद काढला, पत्र उलगडलं, शेजारी धरलं. आपल्या मुलाच्या नावावर बोट ठेवलं, इथे आणि तिथे.

“हा तर कारकून,” त्या म्हणाल्या. आवाज सगळ्या अंगणाला ऐकू गेला. “अहो, हाच तो कारकून!”

“हो, बाई,” बाबा म्हणाले. “मीच तो.”

वारा कागदाखाली शिरला.  कामिजोंची म्हातारी तोंडात बाही कोंबून पुढे मागे डुलायला लागली, आणि तिच्या घशातून असा आवाज आला की चिसेने उगाळणं थांबवलं.

“मग,” ओकिजिमा सर उभे राहिले, चेहरा कागदासारखा, “मग शाळेतलं? चौकटीतलं? ते कोणाचं?”

बाबांनी तोंड उघडलं. पण चिसे आधीच उठली होती. का उठली हे तिलाही कळलं नाही. बसून राहणं अशक्य झालं होतं, एवढंच.

“माझं, सर. त्याआधीची सगळी आईची. पुलाची, बंबाची, सगळी. चौकटीतलं मात्र माझं. आणि त्यात मर्दपणा नाही असं तुम्हीच मला सांगितलं होतं.”

पहिल्या रांगेत एक मुलगी फिसकन हसली. मग दुसरी. सरांना बसावंसं वाटलं तर चटई दोन हात लांब होती. आत्या मागून ओरडली, “बरोबर आहे! स्वयंपाकघरात लिहिलंय, साक्षीला मी आहे! भात करपला होता माझा!”

अध्यक्ष ना हसले ना रडले. ते बाबांच्या कानाशी लागले. “साहेब, याचे परिणाम होतील. वर कळेल. शिळेवर हे असलं कोरता येणार नाही.”

“कोरा किंवा कोरू नका,” सेकियाकाकू म्हणाल्या. “आधी पुरं होऊ द्या.” आणि वाऱ्याने उचललेल्या कोपऱ्यावर त्यांनी दोन्ही तळवे दाबून ठेवले.

बाबा लिहीत राहिले. एकतिसाव्या नावानंतर हात थांबला. मनगट सुजून लाल झालं होतं. चिसेने नकळत हात पुढे केला. पंधरा मिनिटांत, सुंदर, सरळ, बाकीची सात तिने लिहून टाकली असती.

“नको,” बाबा म्हणाले. “तू उगाळ.”

अडतिसावं नाव संपलं तेव्हा दुपार कलली होती, बरेच लोक अजून तिथेच होते, आणि कागद डावीकडे अर्ध्याहून जास्त कोरा होता. अध्यक्षांनी घाईघाईने मोठा कुंचला पुन्हा पुढे केला. “आता तरी, साहेब. जागा भरपूर उरलीय.”

“उरलेली नाही,” बाबा म्हणाले. “ठेवलीय. एकशे सहा जणांची.”

अंगणात त्या एकशे सहांच्या आया होत्या, बायका होत्या. मुलं सुखरूप आहेत, विजय जवळ आहे, असं त्यांना दर आठवड्याला सांगितलं जात होतं. एकीने दुसरीकडे बघितलं. कोणी आकडा पुन्हा विचारला नाही. अध्यक्ष दोन पावलं मागे सरले आणि देवळाच्या फाटकाकडे बघायला लागले, जिथून पकडायला शिपाई यायचे असते तर आले असते.

सेकियाकाकूंनी आपला कोपरा सोडला नाही. उलट डावीकडे सरकल्या, कोऱ्या बाजूला, आणि तिथे तळवे टेकले. मग आणखी एक बाई येऊन त्यांच्याशेजारी बसली, मग आणखी एक. कागद वाऱ्यात फडफडायचा थांबला.

बाबा उठले नाहीत. कुंचला हातातच होता.

चिसेने शाईच्या दगडात पाणी ओतलं, बाही वर सारली आणि पुन्हा उगाळायला लागली.